लेबर रूममधली सोनोग्राफी: नॉर्मल डिलिव्हरी होईल की नाही, हे मशीनला आधी कळतं का?



सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यातली तपासणी. पोटावर थंडगार जेल, स्क्रीनवर हलणारं बाळ आणि हातात मिळालेला काळा-पांढरा फोटो. पण हेच मशीन आता आणखी एका ठिकाणी वापरलं जातं. ते म्हणजे लेबर रूममध्ये, प्रत्यक्ष कळा चालू असताना. याला इंट्रापार्टम अल्ट्रासाउंड म्हणतात. बाळाचं डोकं किती खाली आलंय, ते कोणत्या दिशेला वळलंय आणि त्यावरून नॉर्मल डिलिव्हरीची शक्यता किती, याचा अंदाज यातून घेतला जातो.

आजच्या लेखात आपण हे तंत्रज्ञान कसं काम करतं, स्क्रीनवरच्या आकड्यांचा अर्थ काय, ते कुठे उपयोगी पडतं आणि कुठे कमी पडतं, हे सोप्या भाषेत बघणार आहोत. मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञानावर लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नाही. पण आपल्यापैकी अनेकजण येत्या काही वर्षांत लेबर रूमच्या आत किंवा बाहेर असणार आहोत. तेव्हा कानावर पडणारे शब्द आधीच ओळखीचे असले तर बरं. चला तर मग, सुरुवात करूया.

आधी प्रश्न काय आहे ते समजून घेऊ

कळा सुरू झाल्यावर डॉक्टर किंवा नर्स मुख्यतः तीन गोष्टी बघतात.

१. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं? हे सेंटीमीटरमध्ये सांगतात. १० सेंटीमीटर म्हणजे पूर्ण उघडलं.

२. बाळाचं डोकं किती खाली आलं? याला स्टेशन म्हणतात. आईच्या ओटीकुंडात दोन्ही बाजूंना आतल्या अंगाला हाडाचं एक-एक टोक असतं. डोकं त्या पातळीला आलं की स्टेशन शून्य. त्याच्या वर असेल तर उणे, खाली गेलं तर अधिक.

३. डोकं कोणत्या दिशेला वळलंय? बाळाचं डोकं मागच्या बाजूने, म्हणजे शेंडीच्या भागाने, आईच्या पोटाकडे असेल तर ते वाट काढायला सोयीचं. तोच भाग आईच्या पाठीकडे असेल, तर डोक्याचा जास्त मोठा व्यास वाटेत येतो आणि डिलिव्हरी लांबू शकते.

या तिन्ही गोष्टी पारंपरिक पद्धतीने हातानेच तपासतात. ग्लोव्ह घालून दोन बोटांनी. पिशवीचं तोंड किती उघडलं हे कळायला ती पद्धत आजही मुख्य आहे. अडचण येते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत. डोकं वाटेतून येताना दाबलं जातं, त्यावर सूज येते. मग बोटांना लागतं ते हाड आहे की सूज, हे ओळखणं कठीण जातं.

हे किती कठीण आहे, ते २००५ साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात दिसलं. संशोधकांनी खऱ्या बाईऐवजी एक सिम्युलेटर घेतला. त्यात डोकं नेमकं कुठे ठेवलंय हे सेन्सरला माहीत होतं. मग डॉक्टरांना हाताने तपासून स्टेशन सांगायला लावलं. शिकाऊ डॉक्टरांचं उत्तर, डोक्याच्या स्थितीनुसार, ५०% ते ८८% वेळा चुकलं. अनुभवी डॉक्टरांचंही ३६% ते ८०% वेळा चुकलं. यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा नव्हता. बोटांनी खोली मोजणं हे कामच मुळात अवघड आहे.

आणि इथे चुकण्याची किंमत मोठी असते. डोकं खाली आलंय असं समजून व्हॅक्युम कप किंवा चिमटा लावला आणि ते प्रत्यक्षात वरच असेल, तर प्रयत्न फसतो, आई आणि बाळ दोघांना इजा होऊ शकते आणि शेवटी घाईघाईत सिझर करावं लागतं. उलट, थोडी वाट बघितली असती तर आपोआप झाली असती अशी डिलिव्हरी सिझरवर जाऊ शकते.

मशीन आत बघतं कसं?

तुमच्यापैकी काहींच्या फोनमध्ये स्क्रीनखाली अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंट सेन्सर असेल. २०१९ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस१० पासून तो बराच माहितीचा झाला. तो सेन्सर आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनीलहरी बोटावर सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून बोटाचे उंचवटे ओळखतो. सोनोग्राफीचं तत्त्व तेच, फक्त ती खूप खोलवर बघते.

प्रोबमधले छोटे स्फटिक विजेच्या धक्क्याने थरथरतात आणि ध्वनीलहरी सोडतात. पोटाच्या तपासणीसाठी त्यांची वारंवारिता साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ असते. माणसाचा कान जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, यावरून फरक लक्षात येईल. शरीरातल्या मऊ भागात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरतात. समजा बाळाच्या डोक्याचं हाड प्रोबपासून ५ सेंटीमीटरवर आहे. लहर जाऊन परत यायला १० सेंटीमीटर अंतर कापते आणि त्याला लागतात साधारण ६५ मायक्रोसेकंद. मशीन हा वेळ मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. हाडावरून जोरदार प्रतिध्वनी येतो, म्हणून बाळाची कवटी स्क्रीनवर ठळक पांढऱ्या कमानीसारखी दिसते.

यात एक्स-रे नाही, किरणोत्सर्ग नाही. १९५८ साली ग्लासगोमध्ये इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या साप्ताहिकात पोटाच्या अल्ट्रासाउंडवरचा प्रसिद्ध लेख लिहिला, तेव्हापासून हे तंत्र स्त्रीरोगशास्त्रात रुजत गेलं. लेबर रूममध्ये मात्र ते बरंच उशिरा आलं. तिथल्या मोजमापांची पद्धत प्रामुख्याने गेल्या वीस वर्षांत तयार झाली आणि २०१८ मध्ये आयएसयूओजी या प्रसूती-सोनोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यावर पहिल्यांदा सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या.

मशीन नेमकं काय मोजतं?

यातल्या तीन मोजमापांची नावं तुम्हाला रिपोर्टमध्ये किंवा बोलण्यात ऐकू येऊ शकतात.

*अँगल ऑफ प्रोग्रेशन, म्हणजे एओपी*

यासाठी प्रोब पोटावर नाही, तर खाली, योनीमार्गाच्या बाहेरच्या बाजूला उभा धरतात. प्रोबवर स्वच्छ ग्लोव्ह किंवा कव्हर असतं आणि तो आत घालत नाहीत. स्क्रीनवर दोन गोष्टी दिसतात. एक, आईच्या ओटीपोटाच्या खाली पुढच्या बाजूला दोन हाडं जुळतात तो सांधा. तो लांबट कॅप्सूलसारखा दिसतो. दुसरी, बाळाच्या डोक्याची पांढरी कमान.

आता शाळेतली भूमिती आठवा. पहिली रेघ त्या सांध्याच्या लांबीतून काढायची. दुसरी रेघ सांध्याच्या खालच्या टोकापासून निघून बाळाच्या डोक्याला फक्त स्पर्श करेल अशी, म्हणजे स्पर्शिका. या दोन रेघांमधला कोन म्हणजे एओपी. डोकं जसजसं खाली सरकतं, तसतसा हा कोन मोठा होत जातो.

हाताने तपासताना ज्या टोकांवरून स्टेशन ठरवतात, ती टोकं या चित्रात दिसतच नाहीत. मग हा कोन आणि स्टेशन जुळवायचं कसं? त्यासाठी तक्ता केलेला आहे. साधारण असा:

- ९५ अंश: स्टेशन उणे २
- १०६ अंश: स्टेशन उणे १
- ११६ अंश: स्टेशन शून्य
- १२७ अंश: स्टेशन अधिक १
- १३८ अंश: स्टेशन अधिक २
- १४८ अंश: स्टेशन अधिक ३

*हेड पेरिनियम डिस्टन्स, म्हणजे एचपीडी*

यात प्रोब आडवा धरून थोडा दाबतात आणि त्वचेपासून बाळाच्या कवटीपर्यंतचं सगळ्यात कमी अंतर मोजतात. अंतर कमी म्हणजे बाळ दाराच्या जवळ. साधारण ३५ ते ३८ मिलिमीटर म्हणजे स्टेशन शून्याच्या आसपास. शिकायला ही पद्धत कोनापेक्षा सोपी आहे. पण जन्माची वाट सरळ नसते, ती पुढे वळते. एचपीडी सरळ रेषेत मोजतं, त्यामुळे ते वळण त्यात येत नाही.

*डोक्याची दिशा*

यासाठी प्रोब पुन्हा पोटावर, पण खालच्या भागात ठेवतात. बाळाचे डोळे समोर दिसले तर त्याचं तोंड आईच्या पोटाकडे आणि डोक्याचा मागचा भाग पाठीकडे आहे, हे लगेच कळतं. दिशा घड्याळाच्या काट्यासारखी नोंदवतात. मागचा भाग साडेनऊ ते अडीचच्या दरम्यान असेल तर पुढच्या बाजूला, साडेतीन ते साडेआठच्या दरम्यान असेल तर पाठीच्या बाजूला. कळांच्या सुरुवातीला पाठीकडे असलेली बरीच बाळं नंतर आपोआप वळतात. म्हणून लवकर केलेल्या तपासणीत "बाळ उलट्या दिशेला आहे" असं ऐकू आलं, तर लगेच घाबरू नका. आणि हे पायाळूपण नाही. इथे डोकं खालीच असतं, फक्त वळण वेगळं असतं.

आकड्यावरून अंदाज कसा काढतात?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कोन मिळाला, अंतर मिळालं. त्यावरून नॉर्मल होईल की नाही हे सांगता येतं का?

२००९ मध्ये बर्लिनमधल्या एका छोट्या अभ्यासात, पिशवीचं तोंड पूर्ण उघडूनही डिलिव्हरी लांबलेल्या बायका बघितल्या. बाळ योग्य दिशेला होतं आणि कोन १२० अंश होता, तिथे आपोआप किंवा व्हॅक्युमच्या मदतीने सहज डिलिव्हरी होण्याची शक्यता सुमारे ९०% निघाली.

२०१४ मध्ये नॉर्वे आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. त्यात पहिलटकरणी होत्या, एकूण १५०, आणि सगळ्यांच्या कळा लांबलेल्या होत्या. निष्कर्ष असे:

- अंतर ४० मिलिमीटर किंवा कमी: सिझर ७%
- अंतर ५० मिलिमीटरपेक्षा जास्त: सिझर ८२%
- कोन ११० अंश किंवा जास्त: सिझर १२%
- कोन १०० अंशांपेक्षा कमी: सिझर ६२%

आकडे बघून वाटेल, की झालं तर मग, मशीनला भविष्य कळतं! पण जरा थांबा. शेवटची ओळ पुन्हा वाचा. कोन १०० पेक्षा कमी असूनही १०० पैकी ३८ बायकांची डिलिव्हरी योनीमार्गेच झाली. आणि ११० च्या वर असूनही १२ जणींचं सिझर झालं. शिवाय ४० ते ५० मिलिमीटरच्या मधल्या पट्ट्यात येणाऱ्यांचं काय? तिथे आकडा ठामपणे काहीच सांगत नाही.

मला हे हवामानाच्या ॲपसारखं वाटतं. ॲप म्हणतं ९०% पाऊस. दहापैकी नऊ वेळा छत्री लागते. दहाव्या दिवशी ऊन पडतं, म्हणून ॲप खोटं ठरत नाही. फक्त ते तुमच्या त्या एका दिवसाची हमी कधीच देत नव्हतं.

अंदाज कमी पडतो तो कुठे?

पहिलं कारण: कोन म्हणजे एका क्षणाचा फोटो. डिलिव्हरी म्हणजे व्हिडिओ. कळा किती जोरात येतात, बाळ किती मोठं आहे, आई किती थकली आहे, हे त्या एका फोटोत नसतं. म्हणून एकाच मोजमापापेक्षा काही वेळाने पुन्हा मोजून कोन वाढला का, हे बघणं जास्त अर्थाचं.

दुसरं कारण: प्रत्येक सिझर डोकं अडकलं म्हणून होत नाही. बाळाचे ठोके कमी झाले म्हणून, आईला रक्तस्राव झाला म्हणूनही होतं. कोन मोजून या गोष्टी आधी कळत नाहीत.

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि ते तंत्रज्ञानाचं आहे. इथे भाकित आणि निर्णय एकमेकांत अडकलेले आहेत. पाऊस पडेल की नाही, हे हवामान खात्याच्या हातात नसतं. पण सिझर करायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतात. स्क्रीनवर कमी कोन दिसला, म्हणून लवकर सिझर केलं, की नोंदीत काय जातं? "कोन कमी, सिझर झालं." म्हणजे अंदाज बरोबर! आणखी दोन तास थांबलो असतो तर काय झालं असतं, हे त्या नोंदीत कधीच येत नाही.

जास्त माहिती म्हणजे कमी सिझर?

नाही, असं आपोआप होत नाही. दोन अभ्यास शेजारी ठेवून बघू.

आयर्लंडमध्ये ५१४ बायकांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उपकरणाने डिलिव्हरी करण्याआधी अर्ध्या बायकांची फक्त हाताने तपासणी केली, बाकीच्यांची सोनोग्राफीही केली. डोक्याची दिशा चुकीची सांगण्याचं प्रमाण हाताने २०.२% होतं, सोनोग्राफीने ते १.६% वर आलं. केवढा फरक! पण आई आणि बाळाला होणाऱ्या इजांमध्ये ठळक फरक दिसला नाही.

फ्रान्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १९०० बायका होत्या. तिथे डोक्याची दिशा बघायला सर्रास सोनोग्राफी केली. त्या गटात सिझर ७.८% झाले, फक्त हाताने तपासलेल्या गटात ४.९%. उपकरणं आणि सिझर मिळून बघितलं, तर ३३.७% विरुद्ध २७.१%. म्हणजे मशीन वापरलेल्या गटात हस्तक्षेप वाढला.

याचा अर्थ मशीन वाईट असा नाही. मशीनने दिशा बरोबरच सांगितली. पण "बाळ पाठीकडे वळलंय" हे कळल्यावर हात स्वस्थ बसत नाहीत. गरज नसताना मिळालेली माहितीही माणसाला काहीतरी करायला लावते. म्हणूनच आयएसयूओजीच्या सूचना हे मशीन सरसकट प्रत्येकीसाठी वापरा असं सांगत नाहीत. डिलिव्हरी लांबली असेल, उपकरण लावायचा विचार असेल किंवा डोकं वेगळ्या स्थितीत असल्याची शंका असेल, तेव्हा हाताच्या तपासणीला जोड म्हणून ते वापरावं, असा त्यांचा रोख आहे.

एआय काय करतंय?

कोन मोजायला दोन रेघा लागतात आणि रेघ कुठे काढायची हे माणसागणिक थोडं बदलतं. हे काम एआयला जमण्यासारखं आहे. फोटोत माणूस ओळखून मागचं चित्र धूसर करणारा तुमच्या फोनचा पोर्ट्रेट मोड आठवा. तसंच मॉडेल सोनोग्राफीच्या चित्रात सांधा आणि डोकं वेगळं काढतं, दोन्हींना लंबवर्तुळ बसवतं आणि स्पर्शिका काढून कोन सांगतं. चीनमधल्या जिनान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये यासाठी ५१ बायकांच्या ७८ व्हिडिओंमधली ६२२४ चित्रं संशोधकांना खुली केली. २०२३ मध्ये वैद्यकीय चित्रांवरच्या मिकाई परिषदेत हा कोन आपोआप मोजण्याची स्पर्धाही झाली.

यात दोन वेगळी कामं आहेत, ती मिसळू देऊ नका. "कोन मोजणं" हे एआयचं सोपं काम. उत्तर बरोबर की चूक हे तपासता येतं. "सिझर लागेल का हे सांगणं" हे अवघड काम. कारण मॉडेल जुन्या नोंदींवरून शिकतं आणि त्या नोंदींमध्ये त्या त्या हॉस्पिटलची सवय मिसळलेली असते. जिथे डॉक्टर लवकर सिझर करतात, तिथला डेटा घेतलेलं मॉडेल लवकर सिझर सांगायला शिकेल. बाईचं शरीर आणि हॉस्पिटलची सवय यातला फरक त्याला कळणार नाही.

मग फोनला प्रोब जोडून घरीच बघता येईल का?

फोनला जोडता येणारे प्रोब जगात आहेत. बटरफ्लाय आयक्यू या प्रोबला अमेरिकेत २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात स्फटिकांऐवजी एका चिपवर हजारो सूक्ष्म सेन्सर आहेत. पण भारतात हे हेडफोनसारखं मागवून वापरायचं साधन नाही.

गर्भलिंग निदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तोच पीसीपीएनडीटी म्हणून ओळखला जातो. त्यानुसार मशीन आणि ते जिथे ठेवलंय ते केंद्र, दोन्हींची नोंदणी लागते. गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी फॉर्म एफ भरावा लागतो. हलवता येणाऱ्या मशीनवर तर आणखी बंधनं आहेत. लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. लेबर रूममधली सोनोग्राफीही या नियमांच्या बाहेर नाही.

आणि फक्त फोनच्या कॅमेऱ्याने किंवा माइकने डोकं किती खाली आलंय हे सांगणारं ॲप कुणी दाखवलं, तर सरळ अनइन्स्टॉल करा. फोनमध्ये तसा प्रोबच नसतो.

आपल्या घरासाठी याचा उपयोग काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, भारतात २१.५% डिलिव्हरी सिझरने झाल्या. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३% होतं, खाजगीत ४७.४%. खाजगीत जवळपास निम्म्या! त्यामुळे "डॉक्टरांनी उगाच सिझर केलं" ही शंका घराघरात ऐकू येते. कधी ती खरी असते, कधी नसते. पण बंद दारामागे बोटांनी केलेली तपासणी बाहेर कुणालाच दिसत नाही. ना नवऱ्याला, ना आईला, ना त्या बाईला स्वतःला. स्क्रीनवरचा कोन मात्र दाखवता येतो, नोंदवता येतो, दोन तासांपूर्वीच्या कोनाशी ताडून बघता येतो. माझ्या मते या तंत्राची खरी ताकद भाकितात नाही, इथे आहे.

म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात, घाई नसताना, डॉक्टरांना हे प्रश्न विचारून ठेवा:

- डॉक्टर, कळा लांबल्या तर तुमच्याकडे लेबर रूममध्ये सोनोग्राफी करता येते का?
- व्हॅक्युम किंवा चिमटा लावण्याआधी डोक्याची दिशा सोनोग्राफीने बघता का?
- कळांमध्ये घरचं एक माणूस सोबत राहू शकतं का? सरकारी दवाखान्यांसाठीच्या लक्ष्य कार्यक्रमात अशी सोबत ठेवण्याची तरतूद आहे.

आणि प्रत्यक्ष वेळी, परिस्थिती तातडीची नसेल तर, एवढंच विचारा: "मागच्या तपासणीपेक्षा बाळ खाली सरकलंय का? अजून थांबलो तर धोका काय, आणि आत्ता सिझर केलं तर कशासाठी?" ठोके कमी झालेत असं सांगितलं, तर मात्र कोन-बिन विचारत वेळ घालवू नका. तिथे मिनिटं मोजायची असतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ही तपासणी दुखते का?*
प्रोब बाहेरूनच धरतात. हाताने होणाऱ्या तपासणीपेक्षा हिचा त्रास साधारणपणे कमी होतो. तरी कळा चालू असताना नकोसं वाटू शकतं. थांबा म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

*सोनोग्राफी केली की हाताची तपासणी टळते का?*
पूर्ण नाही. पिशवीचं तोंड किती उघडलंय हे कळायला ती लागतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीनुसार, सगळं सुरळीत असेल तर ती साधारण चार तासांच्या अंतराने पुरेशी आहे.

*तासाला एक सेंटीमीटर उघडलं नाही, म्हणजे सिझर नक्की?*
नाही. त्याच शिफारशींमध्ये सांगितलंय, की हा वेग प्रत्येकीकडून अपेक्षित धरू नये. जोरदार कळांचा टप्पाही ५ सेंटीमीटरपासून धरतात.

*आमच्या हॉस्पिटलमध्ये ही सोय नाही. मग धोका आहे का?*
नाही. ही जोड आहे, अट नाही. बाळाचे ठोके नियमित बघणारी, वेळेवर निर्णय घेणारी आणि तुमच्याशी बोलणारी माणसं जास्त महत्त्वाची.

*एओपी १२० आला, आता निर्धास्त?*
शक्यता चांगली आहे, एवढाच त्याचा अर्थ. घरच्या ग्रुपवर "नॉर्मलच होणार" असा मेसेज टाकू नका. नंतर सिझर झालं, तर त्या मेसेजचं ओझं आत झोपलेल्या बाईवर पडतं आणि "कुठे कमी पडले?" असं तिलाच वाटत राहतं.

थोडक्यात

लेबर रूममधली सोनोग्राफी "बाळ आत्ता कुठे आहे?" याचं उत्तर हातापेक्षा बरंच नेमकं देते. "डिलिव्हरी कशी होईल?" याचं उत्तर ती फक्त शक्यतेत देते. पहिल्या उत्तरावर भरवसा ठेवा, दुसऱ्याला अंदाज म्हणा. आणि तो अंदाज बाळंत होणाऱ्या बाईला समजेल अशा भाषेत सांगितला जातोय ना, एवढं तिच्या सोबत असलेल्याने नक्की बघा.

लेख उपयोगी वाटला तर ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे त्यांना पाठवा. काही शंका असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.